ब्रिसलनोजची पिल्ले : जोडीचा सौदा करण्यापूर्वी

घरात चार-सहा टाक्या मांडून शोभिवंत माशांचा जोडधंदा करणारे मुंबई, ठाणे, पुणे या भागांत पुष्कळ आहेत. सुरुवात बहुधा गप्पी, मोली, प्लॅटी यांच्यापासून होते. या माशांत नर-मादी ओळखणे अगदी सोपे असते. गप्पीचा नर रंगीत व सडपातळ, मादी फिकट व पोटाळ. शिवाय नराच्या पोटाखालचा पर दांडीसारखा लांबट होतो. शाळकरी मुलालाही हा फरक सांगता येतो. थोडा हात बसला की बरेच जण ब्रिसलनोजकडे वळतात आणि इथे व्यवहारात गोंधळ सुरू होतो. गप्पीची सवय झालेला डोळा ब्रिसलनोजच्या इंचभर पिल्लातही नर-मादी शोधू लागतो. गिऱ्हाईक "जोडी द्या" म्हणते, दुकानदार जाळीने दोन पिल्ले काढतो, पिशवीत घालतो आणि जोडीचा भाव लावतो.

आमचे म्हणणे एवढेच की, इंचभर ब्रिसलनोजची 'जोडी' नावाची वस्तू बाजारात असूच शकत नाही. त्या वयात नर कोणता व मादी कोणती हे विकणाऱ्याला दिसत नाही, घेणाऱ्याला दिसत नाही आणि जन्मापासून त्यांना वाढवणाऱ्यालाही दिसत नाही. जे दिसतच नाही त्याचा भाव कसा लावायचा?

प्रश्न दहा-वीस रुपयांचा आहे, असे कोणी समजू नये. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने धंदा सुरू करण्यासाठी 'चार जोड्या' म्हणून आठ पिल्ले आणली. टाकी, हवेचा पंप, स्पंज फिल्टर, लाकडाचे ओंडके, सगळी तयारी केली. दहा महिने रोज काकडी-पालक घातला, दर आठवड्याला पाणी बदलले. शेवटी कळले की आठांपैकी सात नर आहेत. ते सातही जण टाकीतल्या गुहेसाठी भांडून एकमेकांचे पर फाडू लागले. दुकानदाराकडे गेला तर उत्तर मिळाले, "आम्ही दिली तेव्हा जोडीच होती." पिल्लांचे पैसे फारसे गेले नाहीत. गेले ते दहा महिने. ज्याच्याजवळ भांडवल थोडे असते त्याच्यासाठी वेळ हेच भांडवल असते. आणि दुकानदारानेही एक कायमचे गिऱ्हाईक गमावले, याचा हिशेब त्याने मांडला असेल असे वाटत नाही.

तेव्हा या माशात लिंग केव्हा ओळखता येते, कशावरून येते आणि तोपर्यंत खरेदी-विक्री कशी करावी, हे जरा सविस्तर पाहू.

आधी मासा तोच आहे का?

ब्रिसलनोज हा दक्षिण अमेरिकेतील नद्या-ओढ्यांचा मासा. तो ॲन्सिस्ट्रस या वंशातला. वंशाला हे नाव रुडॉल्फ क्नेर या ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञाने १८५४ साली दिले. या वंशात साठाहून अधिक जाती आहेत. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत आणि खालच्या बाजूला चकतीसारखे तोंड, ही त्याची ठेवण. त्या तोंडाने तो काचेला, दगडाला, लाकडाला चिकटून शेवाळ खरवडतो. आपल्या बाजारातला तपकिरी, पांढरट-गुलाबी किंवा लांब परांचा ब्रिसलनोज पूर्ण वाढल्यावर साधारण १० ते १३ सेंटिमीटरचा होतो. तो नेमक्या कोणत्या जातीचा, यावर जाणकारांचे एकमत नाही. पिढ्यान् पिढ्या टाक्यांत वाढल्याने मूळ ओळख पुसट झाली आहे. दुकानातल्या पाटीवर कोणतेही भारदस्त लॅटिन नाव असले तरी त्यावर जाऊ नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्याकडे 'सकर' या एकाच नावाखाली दोन वेगळे मासे विकले जातात. दुसरा मासा टेरिगोप्लिक्थिस वंशातला. लहानपणी तोही इंचभर, तोही काचेला चिकटणारा, तोही स्वस्त. पण वाढू लागला की हात-सव्वा हात लांब होतो आणि त्याला मिशा कधीच येत नाहीत. हा मासा घरी आणून "मिशा नाहीत म्हणजे मादी" असे समजून वाट पाहत बसणारे लोक आम्हाला भेटले आहेत. वर्षभराने त्यांची 'मादी' टाकीत मावेनाशी होते.

दोघांना वेगळे करण्याची सोपी खूण पाठीवरच्या परात आहे. मासा पर उभारील तेव्हा पुढचा जाड काटा सोडून मागच्या मऊ काड्या मोजाव्यात. ब्रिसलनोजमध्ये त्या साधारण सात भरतात, तर दुसऱ्या सकरमध्ये दहा किंवा त्याहून जास्त. त्यामुळे त्याचा पर शिडासारखा लांबरुंद दिसतो. एवढी मोजणी पारदर्शक डब्यात पिल्लू घेऊन सहज होते. लिंगाची चर्चा याच्या नंतरची.

जाता जाता एक सूचना. टाकीत न मावणारा सकर तळ्यात किंवा नदीत सोडण्याची चूक कोणी करू नये. टेरिगोप्लिक्थिस असाच सोडला गेला आणि पूर्व कोलकात्याची पाणथळ क्षेत्रे, आंध्र, तामिळनाडू, केरळ अशा ठिकाणी पसरला. त्याच्या काटेरी अंगाने मच्छिमारांची जाळी फाटतात आणि खाण्यासाठी त्याला गिऱ्हाईक नसते. आपल्या हौसेचा भुर्दंड दुसऱ्याच्या रोजीवर पडता कामा नये.

मिशा म्हणजे काय?

कोकणातल्या वाचकांना शिंगाळा ठाऊक आहे, घाटावरच्यांना मागूर. त्यांच्या तोंडाभोवतीच्या लांब मिशा चाचपण्यासाठी आणि चव घेण्यासाठी असतात. त्या नरालाही असतात, मादीलाही असतात आणि लहानपणापासून असतात. ब्रिसलनोजच्या मिशांचे प्रकरण निराळे. त्याच्या नाकाडावर जे मऊ, मांसल, फांद्या फुटलेले तंतू उगवतात ते मुख्यतः नराचे भूषण आहे आणि ते वयात येतानाच उगवतात. पुरुषाला दाढी-मिशी येते तसेच म्हणा ना. पाळण्यातल्या बाळाची हनुवटी पाहून मुलगा की मुलगी हे कोणी ठरवत नाही, पण ब्रिसलनोजच्या बाबतीत बाजारात रोज तेच चालते.

या मिशा कशासाठी, यावर १९९९ साली साबाज, आर्मब्रुस्टर आणि पेज या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक मजेदार कल्पना मांडली. या माशात अंडी सांभाळण्याचे काम नर करतो. तो गुहेत बसून परांनी पाणी ढवळत राहतो आणि अंड्यांतून निघालेल्या पिल्लांचीही राखण करतो. ज्याच्याजवळ पिल्ले आहेत तो चांगला राखणदार, असा हिशेब मादी करीत असावी आणि नाकाडावरचे हे वळवळते तंतू तिला पिल्लांसारखे भासत असावेत, अशी ती कल्पना. मग पिल्ले नसलेल्या नरालाही मिशांच्या जोरावर मादी मिळते. ही कल्पनाच आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे. पण मिशा लहानपणी का नसतात हे तिच्यामुळे चांगले उमजते. ज्या वस्तूचा उपयोग वयात आल्यावर, ती वयात येतानाच उगवते.

याच्यावरून आणखी एक गोष्ट निघते, जी आपल्याकडे नेहमी उलटी समजली जाते. गुहेत नारिंगी अंड्यांच्या घोसावर बसलेला मासा नर असतो. त्याला आई समजून बाहेरच्या माशाला 'बाप' म्हणून दुसऱ्या टाकीत हलवणारे पुष्कळ आहेत. ज्यांना हे माहीत आहे त्यांना निदान एका माशाच्या लिंगाबद्दल शंका उरत नाही.

महिना महिना काय दिसते

अंडी फुटायला पाण्याच्या उष्णतेप्रमाणे साधारण चार ते आठ-दहा दिवस लागतात. पुढे आठवडाभर पिल्ले पोटाला लटकलेल्या बलकावर जगतात. महिन्याचे पिल्लू सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे असते, तीन महिन्यांचे अडीच-तीन सेंटिमीटरचे. खाणे, पाण्याची स्वच्छता आणि टाकीतली गर्दी यांवर हे बरेच अवलंबून आहे. एकाच घोसातली पिल्लेही सहा महिन्यांनी दुप्पट-निमपट आकाराची दिसतात. बाजारात बहुतेक पिल्ले विकली जातात ती याच तीन महिन्यांच्या सुमारास. त्या वेळी नाकाड दोघांचेही गुळगुळीत असते.

साधारण चार-पाच सेंटिमीटर लांबीला, म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या आसपास, काही पिल्लांच्या नाकाडाच्या कडेला बारीक फोडासारखे ठिपके दिसू लागतात. इथे घाई करणारे फसतात. "मिशा फुटल्या, नर आहे" असे म्हणून तो मासा वेगळा काढला जातो. पण कडेची ही एक ओळ माद्यांतही येते. मादीच्या मिशा नाकाडाच्या कडेपुरत्या, आखूड व बिनफांद्यांच्या राहतात आणि काहींना त्या मुळीच येत नाहीत. म्हणून कडेच्या ठिपक्यांवरून काहीच ठरवू नये.

पाहायचे ते नाकाडाचे मधले मैदान. तोंडाच्या वरच्या कडेपासून डोळ्यांच्या दिशेने वर चढणारी मिशांची रांग नराला येते. आधी मधोमध दोन-चार उंचवटे, मग त्यांचे तंतू, मग त्या तंतूंना फाटे. पाच-सहा सेंटिमीटरच्या नरात ही चढण बहुधा दिसू लागते आणि पूर्ण वाढलेल्या नराच्या कपाळापर्यंत झुडूप माजते. मधल्या मैदानात उंचवटे दिसले की तो मासा नर म्हणून विकायला हरकत नाही. ते दिसले नाहीत तर तो मादी आहे, असे मात्र अजून म्हणता येत नाही. हा मुद्दा फार महत्त्वाचा असल्याने त्याकडे आपण पुन्हा येऊ.

मासा सात-आठ सेंटिमीटरचा झाला की बाकीची लक्षणेही साथ देऊ लागतात. नराचे डोके रुंद व चपटे दिसते. कल्ल्याच्या झाकणाजवळ गालावर काट्यांचा झुबका असतो. तो दोघांनाही असतो, पण नराचा दांडगा. नराच्या छातीच्या पराचा पुढचा काटाही जाड व खरखरीत होतो. मादी वरून पाहिली तर पोटाशी फुगीर दिसते आणि अंडी धरलेली असेल तर पोटाच्या कातडीतून नारिंगी झाकही दिसते. खालून पाहिल्यास गुदद्वाराजवळचा उंचवटा मादीत गोल व पसरट, नरात बारीक असतो. वयात आलेल्या माशात ही खूण अनुभवी माणसाला कामाची आहे. पिल्लात तिचा काही उपयोग नाही.

बाजारात ऐकू येणाऱ्या काही खुणा

"पोटाळ आहे, मादी घ्या." पिल्लाने सकाळी काकडी खाल्ली असेल तर नराचेही पोट तट्ट फुगते. दुपारी पाहा, मादीचा नर झालेला असतो!

"गडद रंगाचा नर, फिकट मादी." या माशाचा रंग मिनिटामिनिटाला बदलतो. घाबरला की फिकट, काळ्या तळाशी बसला की गडद. रात्री दिवा लावून पाहिला तर ठिपकेही वेगळे दिसतात. रंगाचा आणि लिंगाचा संबंध नाही.

"मोठा तो नर." याला थोडा आधार आहे, कारण नर बहुधा थोडे मोठे होतात. पण एकाच घोसातला खादाड आणि उपाशी यांच्यातला फरक नर-मादीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. तरी टाकीतून चांगली म्हणून सगळी मोठीच पिल्ले वेचून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वर सांगितलेल्या तरुणाने आठही पिल्ले अशीच वेचली होती.

कोणी लिंगसूत्रांची गोष्ट काढील. शास्त्रज्ञांनी ॲन्सिस्ट्रसच्या अनेक जातींची सूत्रे तपासली आहेत आणि जातीजातींत त्यांची पद्धतही निराळी निघाली आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. वीस रुपयांच्या पिल्लासाठी तो मार्ग नाही.

पाहावे कसे

मासा जाळीने पकडू नये. गालावरचे काटे आकड्यासारखे असतात, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना माशाला इजा होते. पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडवून माशाला हलकेच त्यात हाकलावे. डब्यात पाणी असू द्यावे. पाण्याबाहेर मिशा नाकाडाला चिकटतात व उंचवटे सपाट दिसतात, म्हणून हातात धरून केलेली पाहणी निरुपयोगी आहे. डबा उजेडात धरून टॉर्चचा प्रकाश बाजूने टाकावा. समोरून टाकलेल्या उजेडात पांढऱ्या माशाचे उंचवटे अजिबात दिसत नाहीत, बाजूच्या उजेडात त्यांची सावली पडते. तपकिरी मासा सोपा असतो, कारण कोवळ्या मिशा अंगापेक्षा फिकट दिसतात. भिंग असल्यास उत्तम. मोबाईलने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहिला तरी चालते आणि तो फोटो गिऱ्हाइकाला दाखवताही येतो.

एकदा पाहून निकाल देऊ नये. महिन्याने पुन्हा पाहावे.

उरलेली सगळी मादी नव्हेत

आता मघाच्या मुद्द्याकडे. समजा, तुमच्याकडे ६० भावंडे आहेत, ३० नर आणि ३० माद्या. सहा महिन्यांनी तुम्ही पाहणी केली आणि १८ माशांच्या नाकाडावर मधोमध मिशा दिसल्या. ते १८ नर तुम्ही बाजूला काढले. राहिले ४२. या ४२ माशांना बहुतेक लोक डोळे मिटून 'माद्या' म्हणतात आणि मादीच्या भावाने विकतात. प्रत्यक्षात त्यांत ३० माद्या व १२ उशिरा वयात येणारे नर आहेत. सातांत दोन नर! एखाद्याने त्यांतून तीन 'माद्या' घेतल्या तर तिन्ही खरोखर मादी असण्याची शक्यता शंभरात फक्त ३५ भरते. म्हणजे तुम्ही एकही शब्द जाणूनबुजून खोटा बोलला नाहीत, तरी तीन गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ दोघांच्या पिशवीत तुमच्या शब्दाबाहेरचा माल गेला.

उशिरा मिशा येणारे हे नर कोण? एक तर वाढीत मागे पडलेले. दुसरे म्हणजे दबलेले. एकाच टाकीत एखादा दांडगा नर असला की दुबळ्या नरांच्या मिशा रेंगाळतात, असा अनेक वर्षे हा मासा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. त्यांना वेगळ्या टाकीत नेले, गुहा दिली, पोटभर खाऊ घातले की काही आठवड्यांत नाकाड फुटू लागते. म्हणून मिशा आलेले नर बाजूला काढल्यानंतर उरलेल्यांना निदान दोन महिने आणखी ठेवावे आणि पुन्हा तपासावे. मासा आठ-नऊ सेंटिमीटरचा, दहा-बारा महिन्यांचा, नाकाडाचे मधले मैदान स्वच्छ आणि वरून पाहता पोटाशी भरलेला, तर तो मादी म्हणून द्यावा. त्याआधी 'मिशा न आलेला' एवढेच म्हणावे. हे शब्द खरे आहेत आणि गिऱ्हाइकालाही कळतात.

घेणाऱ्याने किती घ्यावीत?

यावर आमचे उत्तर हिशेबानेच देता येईल. पिल्ले न निवडता घेतली आणि नर-माद्यांचे प्रमाण निम्मे-निम्मे धरले, तर दोन पिल्लांत एक नर व एक मादी मिळण्याची शक्यता निम्मी. नाणेफेक म्हणा. तीन घेतली तर किमान एक नर व एक मादी मिळण्याची शक्यता चारात तीन, चार घेतली तर आठांत सात, पाच घेतली तर सोळांत पंधरा. सहा घेतली तर बत्तिसांत एकतीस.

आता भाव पाहा. सुट्या पिल्लाचा भाव एक धरला आणि 'जोडी'तल्या पिल्लाला दुकानदाराने दीडपट लावला, तर जोडीला तीन पिल्लांचे पैसे पडतात. त्याच पैशात तीन सुटी पिल्ले आली असती आणि शक्यता निम्म्यावरून पाऊणावर गेली असती. म्हणजे जोडीचा जादा भाव देणारा स्वतःच्या पैशाने स्वतःचे नुकसान विकत घेतो.

ज्याला धंदा करायचा आहे त्याला मात्र एक नर-एक मादी पुरत नाही. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. सहा पिल्लांत किमान एक नर व दोन माद्या मिळण्याची शक्यता आठांत सात आहे. आठ घेतली तर ती शंभरात ९६ होते. म्हणून आमची शिफारस आठांची. वाढल्यावर जादा ठरलेले नर विकावेत. मिशाळ नराला हौशी लोकांत चांगली मागणी असते, त्यात तोटा नाही. तोपर्यंत टाकीत माशांपेक्षा एक-दोन गुहा जास्तच ठेवाव्यात. नळीचे कौल, फुटक्या माठाचा तुकडा, आडवी ठेवलेली लहान कुंडी, काहीही चालते. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. मुंबईत हीटर क्वचितच लागतो, पुण्या-नाशिकच्या थंडीत लागतो. खाण्यास काकडी, दुधी, वाफवलेला पालक द्यावा आणि खरवडण्यास लाकूड ठेवावे. उरलेली भाजी सकाळी काढून टाकावी, नाहीतर पाणी सडते. ज्याला वाट पाहायची नसेल त्याने सरळ वयात आलेले मासे घ्यावेत आणि त्यांचा जादा भाव कुरकुर न करता द्यावा. त्या भावात विकणाऱ्याच्या टाकीची आठ-दहा महिन्यांची जागा, खाणे आणि पाणी आहे.

विकणाऱ्याने काय करावे?

माल दोन भावांत विकावा. पहिला, लिंग न ठरवलेली पिल्ले. ती सहा-आठच्या घोळक्यात, थोड्या सवलतीने. दुसरा, तपासलेले मोठे मासे, नर व मादी वेगळे. कच्च्या पावतीवर दोनच शब्द लिहावेत : 'लिंग अनिश्चित' किंवा 'नर/मादी, तपासलेले'. दुसऱ्या प्रकारात चूक निघाली तर मासा बदलून देण्याची तयारी ठेवावी. नीट तपासून दिलेल्या मालात असे प्रसंग कमी येतात आणि बदलून मिळते हे कळल्यावर गिऱ्हाईक लांबूनही येते.

"बाजूचा दुकानदार जोडी म्हणून देतो, मग आमच्याकडे कोण येणार?" असे विक्रेते विचारतात. प्रश्न रास्त आहे. कुर्ल्याच्या मासेबाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत गिऱ्हाइकाला समजावत बसायला वेळ नसतो. त्यावर उपाय म्हणून टाकीवर एक पाटी लावावी : इंचभर पिल्लात नर-मादी ओळखता येत नाही, सहा घ्या. वर एका मिशाळ नराचा आणि एका मादीचा मोठा फोटो. हे वाचलेला माणूस शेजारच्या दुकानात जाऊन 'जोडी' मागणार नाही. उलट तिथे ती देऊ करणाऱ्याकडेच संशयाने पाहील. आणि दोनऐवजी सहा पिल्ले खपतील, ते वेगळेच.

आणखी एक गोष्ट नोंदवहीची. अंडी फुटल्याची तारीख, आई-बाप कोणत्या टाकीतले, किती पिल्ले निघाली, किती विकली, हे लिहून ठेवावे. आकारावरून वय सांगता येत नाही आणि वय माहीत नसेल तर 'अजून मिशा नाहीत' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. पाच महिन्यांच्या माशाला मिशा नसणे वेगळे आणि खुरटलेल्या पंधरा महिन्यांच्या माशाला नसणे वेगळे. शिवाय एकाच घोसातली आठ पिल्ले म्हणजे आठ भावंडे. ज्याला पुढे पैदास करायची आहे त्याला हे सांगून टाकावे. चार पिल्ले आपली आणि चार ओळखीच्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडची, असा अदलाबदलीचा घोळका दोघांनी मिळून तयार केला तर दोघांचाही माल चांगला राहतो.

पिशवी भरताना पिल्लांसाठी साधी पिशवी पुरते. मोठ्या नराला मात्र पिशवीत पिशवी घालून द्यावे. गालावरचे काटे एकेरी प्लास्टिकला भोक पाडतात आणि गिऱ्हाईक लोकलमधून घरी पोहोचेपर्यंत पाणी वाटेतच गळून जाते.